श्वासाच्या मापाचे माप

समजा, तुम्हाला दमा आहे. महिन्याचे औषध घेण्यासाठी तुम्ही वर्ध्याच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात गेला आहात. चिठ्ठी काढली, बाकावर बसलात, नंबर लागला, तपासणी झाली. निघता निघता एखादी तरुण डॉक्टरीणबाई तुम्हाला बाजूला बोलावते आणि म्हणते, "काकाजी, आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. श्वास मोजण्याचं नवं यंत्र आहे. तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ त्यात फुंकायचं आणि रात्री छातीला एक पट्टा लावून निजायचं. तुम्ही भाग घ्याल का?" असे म्हणून ती सात-आठ पानांचा कागद तुमच्या हाती देते.

अशा वेळी आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरे निघतात. एक म्हणतो, "डॉक्टर सायेब म्हंते तं चांगलंच असन," आणि कुठे अंगठा लावायचा ते विचारतो. दुसरा म्हणतो, "आमच्यावर प्रयोग करता का जी? आमी का उंदीर आहो?" आणि पिशवी उचलून चालू लागतो. दोघांच्या उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसते खरे, पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही तो कागद वाचलेला नाही. आज मला त्या कागदाविषयीच तुमच्याशी बोलायचे आहे.

पण कागदाकडे वळण्यापूर्वी आधी यंत्राची गोष्ट पाहू. श्वास मोजायचा कशाला? दमेकऱ्याला आपला दम कळत नाही का?

कळतो, पण पुरता कळत नाही. दम्यात फुप्फुसाकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड वारा, सर्दी यांपैकी काही निमित्त झाले की त्या नळ्या आवळतात, आत चिकट कफ साचतो, आणि आत घेतलेली हवा बाहेर टाकणे जड जाते. हे आवळणे एकसारखे नसते. दुपारी माणूस ठणठणीत, पहाटे तीनला उठून उशीला टेकून बसलेला. डॉक्टरांकडे तो जातो दुपारी! शिवाय वर्षानुवर्षे दमा असलेल्या माणसाचे शरीर त्या अरुंद वाटेला सरावते. नळ्या निम्म्या आवळल्या तरी "आज बरं आहे" असे तो अगदी मनापासून सांगतो, आणि त्याच रात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागते.

दुसरी अडचण शब्दांची. आपल्याकडे कोणी म्हणतो दम लागतो, कोणी धाप लागते, कोणी छाती भरून येते, कोणी छातीत घुरघुरते, तर कोणी नुसते "जीव घाबरते" म्हणतो. यातला दमा कोणता, अशक्तपणा कोणता आणि हृदयाचा विकार कोणता? १९९० नंतरच्या दशकात लहान मुलांच्या दम्याची एक मोठी जागतिक पाहणी झाली. ५६ देशांत ती चालली, आणि भारतातल्या केंद्रांत आपल्या विदर्भातले अकोलाही होते. तेरा-चौदा वर्षांच्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारायचे, अशी ती पाहणी. पण प्रत्येक भाषेत घुरघुरीला शब्द निराळा, काही ठिकाणी तर शब्दच नाही. म्हणून दम लागलेल्या माणसांचा चित्रपट तयार केला आणि पुष्कळ केंद्रांवर मुलांना दाखवून विचारले, "असे तुला कधी होते का?" युक्ती नामी खरी, पण ती विचारण्याचीच युक्ती झाली, मोजण्याची नव्हे.

मोजण्याची खटपट फार जुनी आहे. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १८४६ मध्ये लंडनला पाण्यात उपडे बुडवलेले एक भांडे आणि नळी यांचे यंत्र लोकांपुढे मांडले. माणसाने पोटभर श्वास घेऊन नळीत सोडायचा, भांडे वर उचलले जायचे, आणि किती उचलले त्यावरून फुप्फुसात किती हवा मावते ते कळायचे. खलाशी, शिपाई, पोलीस अशा दोन हजारांहून अधिक माणसांना त्याने त्या नळीत फुंकायला लावले. आज दवाखान्यात ज्याला स्पायरोमीटर म्हणतात, त्याचा हा पणजोबा. पण हे भांडे काही घरी नेता येत नव्हते. आचार्य नरेंद्र देव जन्मभर दम्याने पिडलेले होते. १९४२ मध्ये ते उपचारासाठी काही काळ गांधीजींजवळ सेवाग्रामला राहिले. त्यांचा श्वास रात्री कसा होता हे सांगायला त्या काळी दोनच साधने होती: डॉक्टरांचा कान आणि आचार्यांचा स्वतःचा शब्द.

घरी नेण्याजोगे माप आले ते पुढे. बेसिल मार्टिन राइट या इंग्रज शास्त्रज्ञाने जोराच्या फुंकरीचा वेग मोजणारे यंत्र तयार केले. ते १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. कोळशाच्या खाणीत धूळ खाऊन छाती बिघडलेल्या मजुरांच्या अभ्यासाशी त्याचा संबंध होता. पुढे त्याची हलकी, स्वस्त आवृत्ती निघाली आणि पीक फ्लो मीटर या नावाने ती जगभर गेली. तुमच्यापैकी काहींनी ती पाहिली असेल. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. उभे राहायचे, छातीभर श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटून एकच जोरकस फुंकर मारायची. असे तीनदा करायचे आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. बरे असताना दोन-तीन आठवडे लिहिले की तुमचा स्वतःचा उत्तम आकडा कळतो. पुढे रोजचा आकडा त्याच्या शेकडा ८० च्या वर राहिला तर ठीक. ५० ते ८० मध्ये उतरला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचे, आणि ५० च्या खाली गेला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. साधा हिशेब आहे. शेजाऱ्याचा आकडा तुम्हाला लागू नाही, तुमचा त्याला नाही.

आता खरी मेख ऐका. या इतक्या साध्या, इतक्या नावाजलेल्या नळीवरच्या आकड्यांत चूक होती. १९९० नंतर बारकाईने तपासणी झाली तेव्हा दिसले की मधल्या टप्प्यात काटा खऱ्यापेक्षा बराच जास्त आकडा दाखवतो. आणि दमेकऱ्यांचे आकडे पुष्कळदा याच मधल्या टप्प्यात येतात! शेवटी २००४ मध्ये इंग्लंडने जुनी मोजपट्टी बदलून नवी आणली. म्हणजे राइटचे यंत्र प्रसिद्ध झाल्यापासून पंचेचाळीस वर्षे लोक त्या चुकीच्या पट्टीवर आपला श्वास मोजत होते. सुदैवाने प्रत्येक जण आपला आकडा आपल्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहत असल्यामुळे पुष्कळसे निभावून गेले, हा भाग निराळा.

हिंगणघाटच्या किंवा देवळीच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन जाणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. गाडी काट्यावर चढली की तो आधी काट्यावरचा सरकारी शिक्का पाहतो. वजनमापे निरीक्षकाने खऱ्या वजनाशी ताडून पाहिल्याखेरीज कोणत्याही काट्यावर आपण आपला माल ठेवत नाही. श्वासाच्या काट्यालाही असा शिक्का लागतो. खऱ्या मापाशी तो ताडून पाहावा लागतो, आणि ते ताडून पाहायचे तर जिवंत माणसाची छाती लागते. अशा अभ्यासाचे मर्म एवढेच आहे. तुम्हाला बोलावतात ते मापाचे माप घेण्यासाठी.

तुम्ही म्हणाल, हे माप इंग्लंड-अमेरिकेत घेऊन झाले असेल की, मग आमच्या खेड्यात पुन्हा कशाला? माझ्या मते सगळ्या विषयात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातला प्राणवायू दाखवणारे छोटे यंत्र, पल्स ऑक्सिमीटर, कोरोनाच्या साथीत घरोघरी पोहोचले. बोटातून प्रकाश पाठवून ते मोजमाप करते. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोठ्या संख्येच्या रोग्यांची मोजमापे ताडून पाहिली. यंत्र "ठीक आहे" म्हणत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याइतका उतरलेला, अशी फसगत काळ्या वर्णाच्या रोग्यांत गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट वेळा झालेली आढळली. कातडीचा रंग प्रकाशाच्या वाटेत येतो, आणि यंत्र जुळवताना त्याचा पुरता विचार झालेला नव्हता. हे यंत्र तोवर कित्येक दशके वापरात होते.

स्पायरोमीटरची गोष्टही अशीच. तुमची फुंकर चांगली की वाईट, हे यंत्र ठरवते ते एका तक्त्यावरून. त्या तक्त्यात तुमचे वय, उंची, पुरुष की बाई एवढेच असते असे नाही. पुष्कळ यंत्रांत वंशही विचारतात, आणि आशियाई म्हटले की अपेक्षित आकडाच कमी धरतात. म्हणजे आपली छाती जन्मतःच लहान, असे यंत्राने आधीच गृहीत धरलेले! ती खरोखर तशी आहे की लहानपणच्या कुपोषणाने आणि चुलीच्या धुराने तशी झाली आहे, हा प्रश्न मग उरतच नाही. अमेरिकेतल्या छातीच्या डॉक्टरांच्या संस्थेने २०२३ मध्ये वंशावर बेतलेले हे तक्ते सोडून देण्याची शिफारस केली. तेव्हा आपल्या श्वासाचा तक्ता आपल्याच माणसांच्या श्वासावरून तयार व्हायला हवा, याला आता दुसऱ्या साक्षीची गरज नाही.

शिवाय आपला श्वास ज्या हवेत चालतो ती हवाही पाहा. गॅस घरी आला तरी आंघोळीचे पाणी पऱ्हाटीवर नाहीतर तुराटीवरच तापते. दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाचा बारीक तंतू उडतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत थ्रेशरभोवती उभे राहिले तर नाक-तोंड धुळीने भरते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि श्रावणात भिंतींना बुरशी धरते. थंड, वातानुकूलित खोलीत बिनचूक चालणारा पट्टा आर्वीच्या मे महिन्यातल्या घामात छातीला चिकटून राहील का? घरातली वीज चार तास गेली तर त्याची नोंद टिकेल का? आणि घरात एकच मोबाईल असेल आणि तो मुलगा शेतात घेऊन गेला असेल तर? हे प्रश्न आपल्याकडे अभ्यास झाला तरच विचारले जातील.

आणि आपल्याकडे गरजही मोठी आहे. भारतात लाखाहून अधिक लोकांची एक पाहणी झाली, ती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. छातीत घुरघुर होते असे सांगणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे ८२ जणांना "तुम्हाला दमा आहे" असे कोणी सांगितलेलेच नव्हते. रोज ओढायचे औषध तर शंभरांत तिघेही घेत नव्हते. "पंपाची सवय लागते" ही भीती आपल्या गावांत किती खोल रुजली आहे ते तुम्ही जाणताच. ती भीती खोटी आहे. नळ्यांची सूज उतरवणारे औषध रोज ओढल्याने व्यसन लागत नाही. ते मध्येच बंद केले तर सूज मात्र पुन्हा येते.

मापाचे माप घेण्याचे काम वर्धा जिल्ह्याला नवे नाही. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. तिथे २००४ मध्ये क्षयाच्या चाचण्यांचा असाच एक अभ्यास झाला. अंगात क्षयाचे जंतू दडून आहेत का ते ओळखण्याची जुनी रीत म्हणजे हातावर टोचून, दोन-तीन दिवसांनी उठलेली गाठ मोजणे. नवी रीत रक्त काढून तपासण्याची. दोन्ही एकाच माणसावर करून ताडून पाहायच्या होत्या. हात पुढे केले ते कोणी? तिथल्याच डॉक्टरांनी, परिचारिकांनी, विद्यार्थ्यांनी. एकंदर ७२६ जणांनी. त्यांपैकी निम्म्यांच्या दोन्हींपैकी एक तरी चाचणी जंतुसंसर्ग दाखवत होती, आणि शंभरांपैकी सुमारे ८१ जणांच्या बाबतीत दोन्ही चाचण्यांचे उत्तर एकच निघाले. २००५ मध्ये हे अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगाने वाचले. महाग रक्तचाचणी आपल्याकडे गाठीच्या स्वस्त चाचणीपेक्षा फारशी सरस ठरत नाही, हे कळायला सेवाग्रामचे हात लागले. छातीवर बोटाने ठोकून आणि नळी लावून आत पाणी झाल्याचे कितपत बरोबर ओळखता येते, याचीही परीक्षा तिथे झाली. छायाचित्राला पंच नेमून डॉक्टरांच्या कानांचीच ती परीक्षा होती म्हणा ना.

आता कागद.

त्या सात-आठ पानांचे दोन भाग असतात. पहिला माहितीपत्रकाचा, दुसरा संमतिपत्राचा. दोन्ही तुम्हाला कळेल अशा भाषेत असली पाहिजेत, म्हणजे मराठीत. वाचता येत नसेल तर कोणीतरी सगळा कागद वाचून दाखवला पाहिजे, आणि त्या वेळी अभ्यासाशी ज्याचा काही संबंध नाही असा एक साक्षीदार हजर हवा. अंगठा तुमचा, सही साक्षीदाराची. कागद घरी नेऊन चार जणांना विचारायची मुभा तुम्हाला असते. "आत्ताच सही करा, नंबर जाईल" असे कोणी म्हटले, तर तेवढ्यावरूनच काय समजायचे ते समजा. आणि सही केल्यावर एक प्रत तुमच्याजवळ राहते. ती मागून घ्या आणि सातबारा, रेशनकार्ड जिथे ठेवता तिथेच ठेवा.

हे सारे कोणाच्या मेहेरबानीने होत नाही. माणसांवरच्या संशोधनाचे दंडक जागतिक वैद्यक संघटनेने १९६४ मध्ये हेलसिंकीला घालून दिले. आपल्या देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि यंत्रांसाठी त्याच वर्षीचे वैद्यकीय उपकरण नियम. कोणताही अभ्यास सुरू होण्यापूर्वी नीतिसमितीने तो मंजूर करावा लागतो. या समितीत नुसते डॉक्टर बसत नाहीत. कायद्याचा जाणकार असतो, तुमच्या-माझ्यासारखा एक साधा नागरिक असतो, आणि तिचा अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचाच असावा लागतो. समितीचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक तुमच्या कागदावर छापलेला असतो. तो शोभेसाठी नाही.

घरच्या बाईला दमा असेल तर संमती तिची स्वतःचीच लागते. "यांनी सही केली आहे ना, मग झालं," हे चालत नाही. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही तिच्या अंगठ्याच्या जागी येत नाही. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची संमती हवीच, पण सात वर्षांवरच्या मुलालाही त्याला कळेल असे सांगून त्याचा होकार घ्यायचा असतो. पोर नको म्हणाले तर ते नाहीच.

आता काय विचाराल? मी तुमच्या जागी असतो तर सर्वांत आधी हे विचारले असते: "हे यंत्र माझ्यावर लक्ष ठेवणार आहे, की फक्त नोंद ठेवणार आहे?"

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सर्वांत मोठी फसगत इथेच होते. छातीला पट्टा बांधला, त्याचा दिवा लुकलुकतो आहे, तेव्हा माणसाला वाटते की दवाखान्यात कोणीतरी रात्रभर माझा श्वास पाहत बसले आहे. पुष्कळ अभ्यासांत तसे काहीही नसते. यंत्र नुसते लिहून ठेवते, आणि तो हिशेब तीन महिन्यांनी उघडला जातो. काही अभ्यासांत तर आकडा मुद्दाम तुमच्यापासून आणि तुमच्या डॉक्टरांपासूनही झाकून ठेवतात, म्हणजे यंत्राच्या सांगण्याने कोणाचे मत बदलू नये. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण मग पहाटे दम वाढला तर यंत्र कोणालाही हाक मारणार नाही. हाक तुम्हालाच मारायची आहे. पंप घेऊनही आराम पडत नसेल, एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसू लागले असतील, तर १०८ ला फोन लावा. यंत्र काय दाखवते ते पाहत बसू नका. ज्याची अजून परीक्षाच चालली आहे, त्या यंत्राच्या भरवशावर जीव ठेवायचा नसतो.

याच्याशीच जुळलेला दुसरा प्रश्न चालू औषधाचा. यंत्र लावले म्हणून कोणी आपला रोजचा पंप सोडू नये. कित्येकदा फुंकण्याच्या चाचणीपूर्वी काही तास औषध थांबवायला सांगतात. कोणते, किती तास, आणि त्या वेळात दम लागला तर काय करायचे, हे आधी विचारून कागदावर लिहून घ्या. काही चाचण्यांत नळ्या किती लवकर आवळतात ते पाहण्यासाठी मुद्दाम एक औषध हुंगवतात. असे काही होणार असेल तर ते कागदात स्पष्ट असले पाहिजे. साध्या फुंकण्याने बहुधा खोकला येतो, क्षणभर डोके हलके होते, इतकेच. मात्र नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर सांगितल्याशिवाय फुंकू नका.

पैशाचेही मोकळेपणाने विचारावे. अभ्यासासाठी केलेल्या तपासणीचा आणि यंत्राचा खर्च तुमच्यावर पडता कामा नये. येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी भरून देता येते. तुमच्या कागदात तशी सोय आहे का, ते पाहा. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे शहरातल्या संशोधकाला ठाऊक असेलच असे नाही. ते तुम्हीच त्याला सांगा. पण नुसत्या पैशासाठी भाग घ्यावासा वाटेल इतकी मोठी रक्कम कोणी देऊ करीत असेल तर ते नियमाला धरून नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर तिचे उपचार मोफत मिळणे आणि भरपाई मिळणे हा तुमचा हक्क आहे. आणि यंत्राने टिपलेला तुमचा श्वास, तुमची झोप, तुमचा ठावठिकाणा कुठे जातो, कोणाकडे साठतो, तुमचे नाव त्यावर असते का, हेही विचारा. मोबाईलशी जोडलेली यंत्रे पुष्कळ काही ऐकतात-पाहतात. २०२३ मध्ये आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे.

कधीही सोडून जायची मोकळीक असते, आणि त्यासाठी कारण द्यावे लागत नाही. सोडले म्हणून तुमचे नेहमीचे औषध बंद होत नाही, बाकावरचा नंबर मागे जात नाही. "डॉक्टरसाहेब रागावतील" या धाकाने तीन महिने पट्टा ओढत राहणारी माणसे आपल्याकडे आहेत. त्यांना माझे सांगणे की असला पट्टा काढून ठेवलेला बरा.

भाग घेतलात, तर मात्र एक गोष्ट पाळा: खोटा आकडा लिहू नका. अमेरिकेत जुनाट वेदनेच्या रोग्यांना रोजच्या नोंदीसाठी वह्या दिल्या होत्या, आणि वही केव्हा उघडली जाते ते कळावे म्हणून तिच्यात प्रकाश ओळखणारे एक लपलेले यंत्र बसवले होते. २००२ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. शंभरांतल्या नव्वद नोंदी वेळेवर केल्या असे वह्या सांगत होत्या. प्रत्यक्षात वेळेवर केलेल्या नोंदी होत्या अकरा! बाकीच्यांपैकी पुष्कळशा मागाहून भरलेल्या. शाळेचा गृहपाठ रविवारी संध्याकाळी उरकणारी मुले मोठेपणीही बदलत नाहीत, हे यावरून दिसते. पण श्वासाच्या वहीत असे केले तर चुकीचा काटा खरा ठरून बाजारात येतो, आणि तो उद्या तुमच्याच नातवाच्या हातात पडतो. एखादे दिवशी फुंकायचे राहिले तर ती जागा कोरी ठेवा. कोरी जागा हीही नोंदच असते. घामाने पट्टा सुटला, बाळाने यंत्र पाडले, पंधरा दिवस तुरीच्या कापणीत वेळच झाला नाही, हे सगळे तसेच्या तसे सांगा. संशोधकाला त्याचा राग येण्याचे कारण नाही. तेच तर त्याला कळायला हवे असते.

अभ्यास खरा आहे की नाही, अशी शंका आली तर तीही फेडता येते. २००७ पासून आपल्या देशात अशा अभ्यासांची एक सरकारी नोंदवही आहे, आणि २००९ पासून औषध-यंत्रांच्या चाचण्या सुरू होण्यापूर्वी तिच्यात नोंदवाव्या लागतात. ती सर्वांना खुली आहे. कागदावरचा नोंदणी क्रमांक घेऊन शाळेत जाणाऱ्या नातवाला मोबाईलवर शोधायला सांगा. अभ्यास कोण करतो, पैसा कोणाचा, किती माणसे घ्यायची, हे तिथे लिहिलेले सापडेल. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पैसा असेल तर त्यात पाप नाही, पण ते तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

तीन महिन्यांनी यंत्र परत करावे लागते. ते देताना रिकाम्या हाताने परतू नका. "या अभ्यासातून काय निघालं ते आम्हाला कधी कळणार?" असे विचारा आणि तारीख लिहून घ्या. तुमच्या स्वतःच्या तीन महिन्यांच्या आकड्यांची एक प्रतही मागा. तीत तुमचा उत्तम आकडा आहे, तुमची पहाट आहे, थ्रेशर चालला तो आठवडा आहे. पुढच्या वेळी औषधाला जाल तेव्हा ती घडी उलगडून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांपुढे ठेवा. दुपारी तपासणाऱ्या डॉक्टरांना तुमची रात्र त्या कागदावर दिसेल.